टेपकाकूंच्या घरातला हरवलेला फूट

टेपकाकूंच्या गळ्यात टेप नाही असा दिवस त्या गल्लीत कुणी पाहिला नव्हता. कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानात ती असायचीच, पण बाजारात, दवाखान्यात, एकदा तर बँकेच्या रांगेतही ती पिवळी पट्टी त्यांच्या दोन्ही खांद्यांवरून लोंबत होती. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पण पाटी वाचणारे थोडे आणि "टेपकाकू" अशी हाक मारणारे फार.

वय एकसष्ट. त्यातली बेचाळीस वर्षं शिलाईत गेलेली. कोट शिवावा तर काकूंनीच, असं लोक म्हणायचे. काकू स्वतः मात्र वेगळ्याच गोष्टीचा अभिमान बाळगून होत्या. त्यांचं घर दुकानापासून शंभर पावलांवर, चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. आणि चौतीस वर्षांत त्या घरात गिऱ्हाइकाच्या कपड्याला एक टाका पडला नव्हता.

त्याचं कारण लीज.

इमारतीतली आठही घरं लीजवरची. जमीन एका जुन्या विश्वस्त संस्थेची. तिने एकोणऐंशी वर्षांपूर्वी ती नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली, आणि पट्ट्यात लिहिलेलं की घर राहण्यासाठीच वापरायचं, भिंती हलवायच्या नाहीत, आणि मुदत संपली की घर जमिनीसकट संस्थेकडे परत. काकू आणि काका तिथे राहायला आले तेव्हा चोपन्न वर्षं शिल्लक होती. काका पोस्टात कारकून. खुर्चीत बसून त्यांनी सगळा पट्टा मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाले, "चोपन्न वर्षं! तोवर आपण कुठे असणार गं?"

"आपण नसू," काकू म्हणाल्या, "पण घर असेल ना? मग ते कुणाचं?"

काकांनी पट्ट्याची घडी घातली. पण "राहण्यासाठीच" हा शब्द काकूंनी दगडावरच्या रेघेसारखा धरला. काका शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले तेव्हा शेजारपाजारचे सांगून दमले की मशीन घरी आणा, कोण बघायला येतंय? काकू दर तासाला दुकानातून घरी आणि घरातून दुकानात फेऱ्या घालत राहिल्या. मशीन काही वर आलं नाही.

आता वीस वर्षं उरत आली होती, आणि पट्ट्यात एक कलम होतं: वीस वर्षं शिल्लक असेपर्यंत मुदतवाढ मागण्याचा हक्क घरवाल्याचा, मागणी वेळेत मंजूर झाली की जुन्या मुदतीला आणखी नव्वद वर्षं जोडायची. वीसच्या खाली एक दिवस गेला की हक्क संपला, मग मालकाची मर्जी. तो दिवस त्या महिन्याच्या अखेरीला येत होता. आठ घरांत सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि आठही जण एकमेकांकडे बघत बसले होते.

"तुम्ही व्हा पुढे," समोरच्या दारातले कंडक्टर म्हणाले. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून ते निवृत्त झाले होते, पण बोलणं बसमधलंच. "पुढे सरका वहिनी, पुढे जागा आहे. तुमचं झालं की आम्ही लोंबकळतो मागे."

"म्हणजे पडले तर मी पडायचं."

"पडलात तर आम्ही बेल मारू ना."

काकूंनी अर्ज केला. त्यांना भीती कसली? नियम मोडलेलाच नव्हता.

चार दिवसांनी संस्थेच्या कचेरीतून मोजणीबाई आल्या. चटपटीत, पस्तिशीच्या, हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र. भिंतीला टेकवून बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका आणि पडद्यावर आकडा. काकू डोळे विस्फारून बघत राहिल्या. त्यांनी ते यंत्र हातात घेऊन वजनसुद्धा पाहिलं. मोजणीबाईंनी नियमाप्रमाणे घरातली सर्वांत लांब भिंत, म्हणजे बाहेरच्या खोलीची लांबी मोजली, "सोळा फूट" असं लिहिलं, चहा घेतला आणि गेल्या.

आठवड्याने पत्र आलं. सुनेने ते उघडलं. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मुलगा दूरच्या गावी कामाला असल्याने घरात सासू, सून आणि सहा वर्षांची नात. सून वाचत गेली तसा तिचा आवाज बारीक होत गेला. मूळ नकाशात बाहेरच्या खोलीची लांबी सतरा फूट, प्रत्यक्षात सोळा. त्या अर्थी बाहेरची खोली आणि झोपायची खोली यांच्यामधली भिंत परवानगीशिवाय एक फूट सरकवलेली आहे. पट्ट्याचा भंग झालेला असल्याने मुदतवाढ देता येत नाही. मात्र सोबतच्या कागदावर "केलेला बदल मान्य आहे" अशी सही केल्यास, किरकोळ दंड घेऊन अर्ज मंजूर करता येईल.

काकू खुर्चीत बसल्या. मग उठून ती भिंत हाताने चाचपून आल्या, जणू ती खरंच त्यांच्या नकळत चालत गेली असावी.

"आई, सही करून टाका," सून म्हणाली. "दंड काही फार नाही. हातात चौदाच दिवस आहेत."

"मी भिंत हलवली नाही."

"मला माहीत आहे हो. पण त्यांना कोण सांगणार? कागदाशी भांडून कुणाचं भलं झालंय?"

"अगं, तो कागद नव्वद वर्षं त्या फायलीत राहणार. ही पोर उद्या मोठी होऊन वाचेल, की आजीने चोरून भिंत सरकवली आणि पकडल्यावर कबूल केलं."

"ती वाचेल, कारण तिला घर असेल," सून म्हणाली. "सही नाही केली तर ना फाइल, ना घर."

सून खोटं बोलत नव्हती. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं, कागदावर धरलं. बेचाळीस वर्षं कापडावर खडूची रेघ मारणारा हात. रेघ चुकली की कापड वाया जातं हे त्या हाताला ठाऊक होतं. तो खाली येईना. काकूंनी टोपण लावलं. "रविवारी बघू," म्हणाल्या.

रविवारी सकाळीच त्यांनी पट्ट्यामागे जोडलेला नकाशा जमिनीवर उलगडला. चौतीस वर्षं तो कपाटात होता, पण पडताळून पाहायचं कधी मनात आलं नव्हतं. शिंप्याचं स्वतःचं माप कुणी घेतलेलं असतं? त्यांनी गळ्यातली साठ इंची टेप काढली. कंडक्टर आवाज ऐकून आत आले आणि न सांगता मोजणी पुकारायला लागले.

"एक टेप! दोन टेप! तीन टेप! आणि वर बारा इंच. उतरा, सोळा फूट, शेवटचा स्टॉप."

म्हणजे यंत्र खरं होतं. कागदावर सतरा, जमिनीवर सोळा.

"भिंत सरकली असेल तर," काकू म्हणाल्या, "इकडे गेलेला फूट तिकडे निघायला हवा." नकाशात झोपायची खोली बारा फुटांची. एक फूट तिच्यात गेला असेल तर ती तेरा भरायला हवी. त्यांनी मोजली. दोन टेपा आणि बारा इंच. अकरा.

कंडक्टरांनी डोकं खाजवलं. "एका खिशातला फूट दुसऱ्या खिशात ठेवला म्हणावं, तर दुसराही खिसा फाटका!"

स्वयंपाकघर कागदावर नऊ फूट, भरलं आठ. खोल्यांची रुंदी कागदावर अकरा; भरली दहा. सून दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात आता पेन्सिल होती. न्हाणीघर कागदावर पाच बाय चार. मोजलं. पाच बाय चार, सुतभरही फरक नाही. दाराची रुंदी बरोबर. बाहेरच्या भिंतींची जाडी दीड दीड फूट, आतल्यांची अर्धा अर्धा, सगळी बरोबर.

"गंमत आहे," सून म्हणाली. "मोठं ते सगळं एक फुटाने चुकलंय आणि लहान ते सगळं बरोबर आहे. आमच्याकडे असं झालं की आम्ही रक्ताला दोष देत नाही, यंत्राला देतो."

काकूंनी कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. टेप हातात तशीच लोंबत राहिली. मग त्या एकदम हसायला लागल्या, इतक्या की कंडक्टरांनी विचारलं, "पाणी आणू का?"

"कोट!" काकू म्हणाल्या. "अहो, हा साहेबांचा कोट आहे!"

ती गोष्ट बेचाळीस वर्षांपूर्वीची. एकोणीस वर्षांच्या काकू एका म्हाताऱ्या मास्तरांकडे काम शिकत होत्या. मास्तरांच्या टेपचं पितळी टोक निघालेलं, पहिला इंच विरलेला. टेप जुनी झाली की शिंपी ती फेकत नाही. एकच्या खुणेवर धरून मोजतो आणि आलेल्या मापातून एक वजा करतो. एकट्याने मोजलं तर सवयीने वजा होतं. पण त्या दिवशी बँकेतल्या साहेबांचं माप मास्तरांनी घेतलं आणि वहीत काकूंनी लिहिलं. मास्तरांना वाटलं, लिहिणारी वजा करतेय. काकूंना वाटलं, मास्तर वजा करूनच पुकारतायत. आठ दिवसांनी साहेबांनी कोट अंगात घातला. छाती, पाठ, बाही, सगळं एकेक इंच मोठं. फक्त कॉलर अचूक, कारण गळ्याचं माप मास्तर नेहमी वेगळ्या कागदी पट्टीने घेत. साहेब आरशात बघून म्हणाले, "कोट उत्तम आहे, मास्तर. माझ्या थोरल्या भावाचा असावा."

मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, एक कापायचा असेल तर तो कुणी कापायचा, हे तोंडाने बोलून ठरवायचं. मनातल्या मनात दोघं शहाणे असले की कपडा वेडा होतो." काकूंनी कानाला खडा लावला. तेव्हापासून त्यांच्या वहीत प्रत्येक मापाच्या वर "एक कापला" असं लिहून बरोबरची खूण असते. नवी टेप असली तरी "कापायचा नाही" असं लिहिलेलं असतं.

"बघा," त्यांनी कंडक्टरांना समजावलं, "तेव्हा इथे दोन माणसं आली असणार. लांब अंतराला लांब टेप, तिचा पहिला फूट तुटलेला. एकाने एकच्या खुणेवर धरलं, दुसऱ्याने वाचून लिहिलं. वजा कुणीच केलं नाही. आणि न्हाणीघर, दार, भिंतीची जाडी, हे सगळं लाकडी घडीच्या पट्टीने मोजलं. तिचं टोक शाबूत."

"पण हे झालं एकोणऐंशी वर्षांपूर्वी," सून म्हणाली. आवाज मात्र आता सही करा म्हणणारा नव्हता. "त्या दोघांना साक्षीला कुठून आणायचं?"

"ते नकोत. त्यांच्या चुकीलाच साक्षीला आणू. त्या दोघांनी न मोजलेलं असं काय आहे या कागदात?"

तिघांनी नकाशा खिडकीपाशी नेला. कोपऱ्यात, बारीक वेगळ्या अक्षरांत, जमीन खात्याच्या मोजणीतून उतरवलेला एक आकडा होता: इमारतीची बाहेरून लांबी, एकोणचाळीस फूट. प्रत्येक घर इमारतीच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत तीन खोल्यांचं. सुनेने पेन्सिल सरसावली. कागदावरच्या खोल्या सतरा, बारा, नऊ, झाले अडतीस. त्यात भिंतींचे चार. बेचाळीस.

"एकोणचाळीस फुटांच्या इमारतीत बेचाळीस फुटांचं घर," कंडक्टर म्हणाले. "वहिनी, तुमचं स्वयंपाकघर तीन फूट रस्त्यावर आलंय! बसवाल्यांना कळवा."

"आणि आज मोजलेल्या खोल्या धरल्या तर?" काकूंनी विचारलं.

सुनेने बेरीज केली. सोळा, अकरा, आठ आणि चार. तिने पेन्सिल कागदावर टेकवून धरली. "एकोणचाळीस," ती म्हणाली, आणि सासूकडे अशी बघत राहिली जशी मुदत उलटलेल्या रसायनाच्या बाटलीतून निघालेल्या अचूक निकालाकडे बघावी.

त्याच दुपारी कंडक्टरांचं घर मोजलं. तेच. वरचं, खालचं, तेच. आठही घरांत नेमका तेवढाच फरक. आठ घरवाल्यांनी एकाच मापाने आठ भिंती चोरल्या असतील, तर त्यांना पदकच द्यायला हवं होतं.

सोमवारी काकू कचेरीत गेल्या. साहेब टकलू, मृदू बोलणारे, समोर फायलींची उतरंड. मोजणीबाई शेजारच्या टेबलावर. साहेबांनी आधीच सांगून टाकलं, "बाई, तुम्हाला हरकत घ्यायची असेल तर ती समितीपुढे जाते. समिती पुढच्या महिन्यात बसेल. तोवर तुमची मुदत गेलेली असेल. त्यापेक्षा सही करा. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

हे काकूंना माहीत नव्हतं. हरकत म्हटलं तर घर जातं, कबुली म्हटलं तर नाव जातं. त्यांनी गळ्यातल्या टेपचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"साहेब, हरकत समितीकडे जाते. आणि तुमच्याच कागदातली बेरीज चुकली असेल तर?"

"बेरीज? कारकुनी चूक असेल तर ती मीच दुरुस्त करतो."

"मग मी हरकत घ्यायला आलेच नाही. बेरीज करायला आलेय."

त्यांनी नकाशा पसरला आणि फार बोलल्या नाहीत. साहेबांनी आपलं गणकयंत्र ओढलं. बेचाळीस आले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा केलं. पुन्हा बेचाळीस. तिसऱ्यांदा त्यांनी मोजणीबाईंकडे सरकवलं. त्यांनाही बेचाळीस.

"इमारत तर एकोणचाळीसच आहे," मोजणीबाई हळूच म्हणाल्या. "मी बाहेरून मोजली होती. घराच्या अर्जात ते लिहायला रकाना नव्हता."

"एका खोलीमागे एक फूट, साहेब," काकू म्हणाल्या. मग त्यांनी तुटलेल्या टोकाची, दोन माणसांची आणि न्हाणीघराची गोष्ट सांगितली. कोटाची सांगितली तेव्हा साहेब खो खो हसले, पण सही मात्र लगेच केली नाही. "तुमच्या मोजण्यावर नाही चालणार. उद्या बाई येऊन सगळं मोजतील. न्हाणीघरसुद्धा."

"या ना. दारांसकट मोजा."

मंगळवारी लाल ठिपका घरभर फिरला. कंडक्टर जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मोजणी चालू आहे, दोन मिनिटं कळ काढा." बुधवारी निरोप आला: भिंतीचा आक्षेप मागे, मूळ नकाशातली कारकुनी चूक दुरुस्त, अर्ज मंजूर, शुक्रवारी सहीला यावं.

शुक्रवारी काकू सुनेला घेऊन गेल्या. साहेबांनी नवा कागद पुढे केला आणि पेनही. "करा सही. नव्वद वर्षं. अभिनंदन."

काकूंनी पेन घेतलं नाही. त्या वाचू लागल्या. ओळीखाली बोट ठेवून, सावकाश, जसं त्या कापड कापण्याआधी वहीतलं माप वाचत. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सून कानाशी कुजबुजली, "आई, झालं ना आता सगळं."

"साहेब," काकू म्हणाल्या, "ही नव्वद वर्षं कुठून धरलीत?"

"म्हणजे?"

"टेपचं टोक कुठे ठेवलंय? इथे लिहिलंय, 'आजच्या तारखेपासून नव्वद वर्षं'. माझी जुनी वीस अजून शिल्लक आहेत. कलमात म्हटलंय की नव्वद जुन्या मुदतीला जोडायची, म्हणजे एकशे दहा व्हायला हवीत. तुम्ही आजपासून मोजलीत तर माझी वीस वर्षं तुमच्या मापात विरून गेली."

साहेबांनी कागद ओढून घेतला, वाचला, जुनं कलम काढून वाचलं. "हा मसुदा छापील आहे," ते म्हणाले. "कित्येक वर्षं हाच वापरतोय आम्ही." आणि मग जरा ओशाळून, "आजवर कुणी विचारलं नाही."

"विचारायला हवं ना. मोजणाऱ्याला वाटतं लिहिणारा बघतोय, लिहिणाऱ्याला वाटतं मोजणारा."

मोजणीबाईंनी तोंडावर हात धरून हसू दाबलं. सुनेने दाबलं नाही.

कागद नव्याने छापून आला तेव्हा त्यात जुन्या मुदतीच्या शेवटच्या दिवसापासून नव्वद वर्षं होती. काकूंनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला आणि मग सही केली, एकटाकी, वळणदार. घरी येताना सून म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी सही केली असतीत ना, मी आयुष्यभर म्हणाले असते की माझं ऐकलंत ते बरं केलंत."

"आणि आता काय म्हणशील?"

"आता काय म्हणणार? प्रयोगशाळेतल्या वहीत 'एक कापला' लिहायला सुरुवात करते."

उरलेल्या दिवसांत सातही घरांचे अर्ज गेले. कचेरीने आता सगळी इमारतच नव्याने मोजायचं ठरवलं. महिना संपायला दोन दिवस असताना मोजणीबाई शेवटचं घर मोजायला आल्या, कंडक्टरांचं. यंत्राची बॅटरी दोन खोल्यांनंतर संपली. बाईंनी पिशवीतून लांब फितीची टेप काढली, कंडक्टरांच्या हातात एक टोक दिलं आणि स्वतः वही घेऊन दुसऱ्या भिंतीशी गेल्या.

काकू दारातून बघत होत्या. राहवेना म्हणून त्यांनी आत पाऊल टाकलं.

"भाऊजी, टोक शून्यावर आहे का एकवर?"

"शून्यावर."

"मोठ्याने सांगा. लिहिणारीला ऐकू जाऊ द्या."

"शून्यावर!" कंडक्टर बसभर ऐकू जाईल असे ओरडले.

"शून्य," मोजणीबाईंनी वहीत लिहिलं आणि वर बरोबरची खूण केली. मग त्यांनी मान वर करून काकूंकडे पाहिलं, विद्यार्थी मास्तरांकडे बघतो तसं. काकूंनी मान हलवली, गळ्यातली टेप सारखी केली आणि दुकान उघडायला शंभर पावलं चालत गेल्या. दुपारी एका कोटाचं माप घ्यायचं होतं.